भिंत लई भक्कम होती

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर हे आमचं गाव. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली. आजी त्याबद्दल फारसं बोलत नाही. एकच वाक्य तिच्या तोंडून अनेकदा ऐकलंय : ‘भिंत लई भक्कम होती, म्हून माणसं गेली.’

या वाक्याचा अर्थ मला मामेभावाच्या आजारपणात कळला. त्याला डेंग्यू झाला होता. पाचव्या दिवशी ताप उतरला. मामा फोनवर म्हणाले, ‘सुटलो बघ एकदाचं.’ त्याच संध्याकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, ‘विषाणू आता कमी होतोय. हे जे चाललंय त्यात त्याच्या स्वतःच्या शरीराचा मोठा हात आहे.’ सलाइनवर दोन दिवस काढून पोरगं घरी आलं. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेला की त्याच्यापासून बहुधा जन्मभराचं संरक्षण मिळतं. पुढे दुसरा प्रकार आला की जुनी प्रतिपिंडं त्याला ओळखतात आणि चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट, प्रतिपिंड चिकटलेला विषाणू काही रक्षक पेशींना सहज आत घेता येतो आणि तिथेच तो वाढतो. बँकॉकमध्ये १९६०च्या दशकात स्कॉट हालस्टेड यांना दिसलं, की गंभीर आजारी पडणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचा तो दुसरा संसर्ग होता. तान्ह्या बाळांना मात्र पहिल्याच संसर्गात तसं होई, कारण आईची प्रतिपिंडं त्यांच्या रक्तात असत.

मग शरीर आणखी जोर लावतं. दाहक रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्यांचं अस्तर सैल होऊन रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. विषाणूचं एक प्रथिनही या अस्तराला इजा करतं. त्या प्रथिनाविरुद्धची काही प्रतिपिंडं चुकून आपल्याच प्लेटलेटना चिकटतात. अस्थिमज्जेतलं उत्पादनही मंदावलेलं असतं. रक्त गोठण्याची घडी विस्कटते. हे सगळं बहुधा ताप उतरतानाच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत होतं. दुसरा संसर्ग झालेले बहुतेक लोक बरे होतात, पण ज्यांचं बिघडतं त्यांना असं राखणदाराच्याच हातून लागतं.

यात दोष कुणाचा? ‘हेतू चांगला होता’ म्हणावं, तर प्रतिपिंडाला हेतूच नसतो. त्याला फक्त आठवण असते, आणि आठवणीवर शंका घेण्याची सोय त्याच्यात नाही. आमच्याकडची दोन-तीन फूट जाडीची दगडमातीची भिंत आणि वरचं मातीचं माळवद म्हणजे ऊन आणि चोर यांची आठवण होती. तेव्हाच्या नकाशावर हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. गवंड्याला दोष कसा द्यायचा? दारातला पाण्याचा बॅरल ही दुष्काळाची आठवण, आणि डेंग्यूचा डास त्यातच अंडी घालतो.

पण माणसाला शंका घेता येते, आणि जबाबदारी तिथून सुरू होते. फिलिपिन्समध्ये २०१६पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस दिली गेली. हालस्टेड यांनी धोक्याचा इशारा दिला होता. नोव्हेंबर २०१७मध्ये कंपनीनेच जाहीर केलं, की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना लशीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढतो. एकूण हिशेबात लशीने वाचवलेले जास्त भरतात. पण ज्या मुलाचा धोका वाढला, त्याला हा हिशेब कुणी विचारून मांडला नव्हता. मला इथली चूक लस देण्याची वाटत नाही. समोरचं मूल कोणतं, हे न तपासता दिली, ही चूक. २०१८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आधी रक्त तपासण्याचा सल्ला दिला, तो याचसाठी.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच खरी आहे. त्या प्रकरणानंतर फिलिपिन्समध्ये लोकांचा सगळ्याच लशींवरचा विश्वास डळमळला, आणि २०१९मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. भूकंपानंतर आमच्याकडे कित्येक जण वर्षानुवर्षं घरात झोपायला धजले नाहीत. अविश्वास हीसुद्धा आठवणच, आणि तीही चुकीच्या जागी चिकटू शकते. डेंग्यूतही प्रतिकारशक्ती दाबून पाहिली, पण स्टेरॉइडचा फायदा सिद्ध झाला नाही. नुसत्या ‘पेशी कमी झाल्या’ म्हणून प्लेटलेट चढवल्यानेही रक्तस्राव टळत नाही. उपयोगी पडतं ते मोजून दिलेलं सलाइन आणि तासातासाची नजर. सलाइन जास्त झालं तर तेच फुप्फुसात साचतं.

म्हणून रक्षण करणाऱ्याला मी एवढंच मागेन, की आपण कुणाला आणि कशापासून वाचवतोय हे त्याने दर वेळी नव्याने विचारावं. आई-बाप, सरकार, डॉक्टर, सगळ्यांनाच हे लागू आहे.

भूकंपानंतर दगडी घरं टिकवण्यासाठी भिंतीचे दोन्ही थर जोडणारे आरपार दगड बसवायला आणि भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा फिरवायला शिकवलं गेलं. आजीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘मंजी भिंत पायजेच की. पर तिला बांधून ठिवावं लागतंय.’