वाट पाहणाऱ्याचा वेळ कोणाच्या खात्यात?

ऑनलाइन किराणा मागवताना पैसे भरण्याआधी एक चौकट उघडते. सकाळी सात ते नऊ, दहा ते बारा, संध्याकाळी पाच ते सात, सात ते नऊ. यातला एक स्लॉट आपण निवडतो आणि त्याच क्षणी दोन्ही बाजूंनी शब्द दिला जातो. ग्राहक म्हणतो, त्या वेळात मी घरी असेन. कंपनी म्हणते, त्या वेळात सामान दारात येईल. ग्राहक घरी नसला तर सामान परत जातं आणि नव्याने स्लॉट शोधायची पाळी त्याच्यावर येते. कंपनीची गाडी आली नाही तर मोबाइलवर दिलगिरीचा तयार संदेश येतो आणि पुढची वेळ परस्पर ठरवली जाते. एकाच व्यवहारात एका बाजूचा शब्द पाळायचा आणि दुसऱ्या बाजूचा फक्त अंदाज मानायचा, हे आपण इतक्या सहज कसं स्वीकारलं?

हा प्रश्न किरकोळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुण्यातल्या येरवड्यात यावं. नदीच्या पलीकडून येणारी गाडी बंडगार्डनच्या पुलावरून आली की गुंजन चौकात अडकते. जेल रोडने विश्रांतवाडीकडे जाणारी, नगर रोडने वाघोलीकडे जाणारी आणि विमानतळ गाठायला निघालेली वाहनं याच भागातून सुटतात. संध्याकाळी सहानंतर इथे काय होतं, ते इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. कंपनीला तर ते आपल्यापेक्षा नेमकं ठाऊक आहे, कारण कोणती गाडी कुठे किती मिनिटं थांबली याची नोंद तिच्याकडे दररोज जमा होते. तरीही सात ते नऊचा स्लॉट भरेपर्यंत विकला जातो. एखाद्या दिवशी पाऊस कोसळला, अपघात झाला, तर उशीर समजून घेता येतो. रोजच्या वाहतुकीमुळे रोज होणारा उशीर मात्र विकतानाच माहीत असतो, आणि माहीत असून दिलेलं आश्वासन मोडलं तर त्याला अडचण म्हणता येत नाही.

स्लॉट दोन तासांचा का असतो, यामागे साधा हिशेब आहे. गोदामातून एका फेरीत अनेक घरांचे क्रेट भरून गाडी निघते. प्रत्येक घराला अर्ध्या तासाची वेळ द्यायची म्हटलं तर शास्त्रीनगरहून नागपूर चाळीकडे, तिथून कल्याणीनगरला आणि पुन्हा शास्त्रीनगरला अशी उलटसुलट धाव होते. इंधन वाढतं, माणसं वाढतात. अमेरिकेत वेबव्हॅन नावाच्या कंपनीने नेमका अर्ध्या तासाचा वायदा केला होता. प्रचंड भांडवल ओतून उभी केलेली ती कंपनी जुलै २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या बुडण्याला इतरही कारणं होती, पण वेळ जितकी नेमकी तितका खर्च जास्त, हे त्यानंतर या धंद्यातल्या कोणालाही शिकवावं लागलं नाही. मोठा स्लॉट म्हणजे कंपनीने वाचवलेला खर्च. तो वाचतो कारण त्याची भरपाई दुसरं कोणीतरी आपल्या वेळातून करतं.

हे दुसरं कोणीतरी कोण, याकडे आपण पुरेसं बघत नाही. आमच्या घरी ते काम आईकडे आहे. सामान यायचं असलं की ती अंघोळ उरकून घेते, दुपारी आडवी होत नाही, खालच्या मजल्यावर कोणाकडे जात नाही. दोन तास ती काही करत नाही असं दिसतं, आणि त्या दोन तासांत तिला दुसरं काही करताही येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, तर असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. बेलकडे कान लावून बसण्याला यात कोण मोजणार? हाताला काम दिसत नाही म्हणून ते काम ठरत नाही. पण संध्याकाळ मात्र गेलेली असते.

यातही आणखी एक पायरी आहे. कल्याणीनगरातल्या मोठ्या सोसायट्यांत नवरा-बायको दोघंही आयटी पार्कात असतात. घरी स्वयंपाकाच्या मावशी असतात. त्या लक्ष्मीनगरातून किंवा जयप्रकाशनगरातून आलेल्या, पुढे दोन घरांचा स्वयंपाक बाकी असलेल्या. त्यांना फोन येतो, ‘मावशी, जरा थांबाल का, सामान येऊ दे.’ मावशी थांबतात. पुढच्या घरी उशीर होतो, तिथे बोलणी बसतात, आणि या थांबण्याचे पैसे पगारात धरलेले नसतात. ज्या बाईने ती ऑर्डर दिली नाही, त्या ॲपवर जिचं नाव नाही, तिच्या वेळातून स्लॉटची किंमत वसूल होते. स्लॉटच्या गैरसोयीवर बोलणारे आपण मध्यमवर्गीय इथपर्यंत क्वचितच पोचतो.

मावशींच्या स्वतःच्या घरी स्लॉटचा काही उपयोग नाही. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेच्या काळात येरवड्यातल्या अशा काही वस्त्यांत, लोकांना दूर न हलवता, आहे त्याच जागी पक्की घरं बांधून देण्याचं काम झालं. त्यात प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला सुमारे २७० चौरस फूट जागा आली. पुण्यातल्या चांगल्या कामांपैकी ते एक आहे असं मी मानते. पण एवढ्या घरात महिन्याचा किराणा एकदम भरून ठेवायला जागा नसते, आणि आठवड्याला हातात पैसे येणाऱ्यांना तो परवडतही नाही. पाव किलो तेल, दहा रुपयांची चहापत्ती, दोन अंडी अशी खरेदी असते. अमुक रकमेच्या वर ऑर्डर गेली तरच घरपोच मोफत, हा नियम त्यांना बाहेरच ठेवतो. शिवाय गाडी गल्लीत शिरत नाही. नकाशावरचा ठिपका आणि खरं दार यांत तीन वळणं असतात.

तिथे कोपऱ्यावरचा दुकानदार सामान पाठवतो. त्याच्याकडच्या पोऱ्याला ठाऊक असतं की अमकी बाई दुपारी दीडला घरी येते आणि साडेतीनला पुन्हा निघते. कोणताही स्लॉट न ठरवता तो बरोबर त्या वेळात जातो. या दुकानदारीचे गोडवे गायचं माझ्या मनात नाही. तिथे उधारीच्या वहीत काय लिहिलंय हे दरवेळी तपासता येत नाही, भाव घासून मागता येत नाही, आणि माल खराब निघाला तर दुकानदाराशी वाईटपणा घ्यायची ताकद सगळ्यांकडे नसते. पण गिऱ्हाईकाचा दिवस कसा जातो याची माहिती त्याच्या धंद्यात भांडवलासारखी वापरली जाते. ॲपकडे आपल्याबद्दल कितीतरी जास्त माहिती आहे. ती आपल्याला आणखी काय विकता येईल यासाठी वापरली जाते.

२०२० मध्ये स्लॉटची खरी परीक्षा झाली. मार्चअखेरीस करोनामुळे टाळेबंदी लागली आणि स्लॉट मिळेनासे झाले. लोक मध्यरात्री जागून ॲप पुन्हा पुन्हा उघडत. जुलैमध्ये पुण्यात १३ तारखेच्या मध्यरात्रीपासून २३ पर्यंत पुन्हा कडक टाळेबंदी झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यात किराणा दुकानंही बंद होती. त्या वर्षात अनेक सोसायट्यांनी शेतकरी गटांकडून भाजीचे टेम्पो थेट फाटकाशी बोलावले. वार ठरलेला, वेळ ठरलेली, सगळ्यांची मागणी आदल्या दिवशी एकत्र केलेली. एका फेरीत पन्नास घरांचं काम होई. नंतर दुकानं उघडली आणि ही पद्धत बहुतेक ठिकाणी विस्मरणात गेली, याची मला मनापासून खंत आहे.

कारण ती पद्धत नवी नव्हती. सत्तरच्या दशकात महागाई आणि टंचाईने घरं पोळत होती, तेव्हा मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर या नेत्यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. त्याच काळात, १९७४ साली, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. मुंबईत तिने वाटपाची जी रीत बसवली ती आजच्या कोणत्याही लॉजिस्टिक्सच्या अभ्यासक्रमात शिकवावी अशी आहे. शेजारपाजारची कुटुंबं मिळून एक संघ करायचा. महिन्याची मागणी एका कागदावर भरायची. संस्था घाऊक खरेदी करणार आणि ठरलेल्या दिवशी संघाचा माल एका सभासदाच्या घरी उतरवणार. तिथे सगळ्यांनी जमून आपापला वाटा लावून न्यायचा. वाट पाहण्याचं काम आळीपाळीने होई. ते सगळ्यांना दिसे, म्हणून ते काम आहे हे सगळ्यांना मान्यही होतं. ही रीत मुख्यतः बायकांनी चालवली. आपल्या वेळेची किंमत त्यांनी आपसांत ठरवली होती.

आता कोणी म्हणेल, स्लॉटचा प्रश्न जुना झाला, दहा मिनिटांत सामान येतं. ते खरंच येतं. दोन-तीन किलोमीटरच्या आत डार्क स्टोअर, म्हणजे फक्त ऑनलाइन ऑर्डरींसाठीचं छोटं गोदाम, ठेवलं की लांबची फेरीच उरत नाही. पण त्या दहा मिनिटांत ग्राहकाची प्रतीक्षा संपली तरी प्रतीक्षा संपलेली नसते. ती डार्क स्टोअरबाहेर दुचाकीवर बसलेल्या मुलांकडे सरकलेली असते. पुढची ऑर्डर कधी येईल हे त्यांना ठाऊक नसतं आणि ऑर्डर नसलेल्या वेळेची कमाई जवळपास नसते. ऑर्डर आली की तोच मुलगा जेल रोडवर उलट्या दिशेने गाडी घालतो, सोसायटीच्या फाटकावर नोंदणीसाठी थांबतो, लिफ्टची वाट बघतो, ओटीपी विचारतो. २०२५ च्या डिसेंबरअखेरीस देशभरातल्या डिलिव्हरी कामगारांनी संप केला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगारमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर ब्लिंकिट या कंपनीने जाहिरातीतला दहा मिनिटांचा उल्लेख काढला. उल्लेख गेला हे चांगलं झालं. घाई मात्र पैशांच्या रचनेत बसवलेली आहे, ती जाहिरात बदलून जात नाही. सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यात या कामगारांसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावी अशी तरतूद आहे. तो पैसा आजारपणाला, अपघाताला उपयोगी पडेल. स्टोअरबाहेर गेलेल्या तासाचं काय, यावर संहिता बोलत नाही.

ग्राहकाच्या बाजूने कायद्यात एक बीज मात्र आधीच पेरलेलं आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत असं म्हटलंय की ऑर्डर पक्की झाल्यावर ग्राहकाने रद्द केली म्हणून कंपनीला शुल्क लावायचं असेल, तर कंपनीने एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यावर तिनेही तसंच शुल्क सोसलं पाहिजे. दोन्ही बाजूंना एकच माप, हे तत्त्व इथे सरकारने लेखी मान्य केलं आहे. ते रद्द करण्यापुरतं का थांबावं? स्लॉट हा वस्तूइतकाच विकलेला भाग आहे. अनेकदा संध्याकाळच्या स्लॉटला जास्त पैसे घेतले जातात. विकलेली वस्तू दिली नाही तर सेवेतली त्रुटी, मग विकलेली वेळ पाळली नाही तर नुसती दिलगिरी का? २०२३ च्या नोव्हेंबरात आलेल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाला फसवणाऱ्या १३ युक्त्या नोंदवून त्यांना मनाई केली आहे, आणि खोटी घाई निर्माण करणं ही त्यातली एक आहे. ‘फक्त दोन स्लॉट शिल्लक’ असं झळकवणाऱ्या कंपनीला ते दोन स्लॉट पाळता येतात का, हे विचारण्याचा अधिकार त्यातूनच येतो.

मला हवं आहे ते फार अवघड नाही. ४११००६ या पिनकोडात गेल्या महिन्यात सात ते नऊच्या किती ऑर्डर वेळेत पोचल्या, हा आकडा स्लॉट निवडण्याच्या चौकटीतच दिसावा. आकडा वाईट असेल तर मी तो स्लॉट घेणार नाही, किंवा आईला बसवून न ठेवता रविवारी स्वतः घेईन. स्लॉट चुकला तर बिलातला ठरावीक भाग न मागता परत यावा. आणि एका सोसायटीने, एका गल्लीने मिळून आठवड्याचा एक वार ठरवला तर त्यांना स्वस्तात माल मिळावा, कारण त्यांनी कंपनीच्या अनेक फेऱ्या वाचवलेल्या असतात. अशी सामायिक फेरी वस्तीच्या तोंडाशीही थांबू शकते. तिथे पाव किलो तेलाच्या वीस मागण्या एकत्र आल्या तर किमान रकमेची अट आपोआप पुरी होते.

यातली भरपाईची मागणी सगळ्यात लवकर मान्य होईल, आणि तिच्यातच सगळ्यात मोठा धोका आहे. उशिराचे पन्नास रुपये कंपनीने मला दिले आणि तेच पन्नास रुपये पाठीवर पिशवी घेऊन धावणाऱ्या मुलाच्या कमाईतून कापले, किंवा त्याचं रेटिंग खाली आणून त्याला पुढच्या ऑर्डरी कमी दिल्या, तर आईच्या वेळेचा हिशेब त्या मुलाच्या वेळेतून चुकता केल्यासारखं होईल. म्हणून भरपाईच्या नियमातच हे स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे की रक्कम पोचवणाऱ्याकडून कोणत्याही रूपात वसूल करता येणार नाही. त्याच्या कमाईचा तपशील त्याला दर आठवड्याला लेखी मिळाला पाहिजे, आणि तो तपासायचा अधिकार त्याच्या संघटनेला असला पाहिजे. एवढी अट नसेल, तर उशिराची भरपाई मी मागणार नाही.