उंबरठ्यावरचा मुका जीव



गेल्या जुम्याच्या नमाजनंतर कारंजा तालुक्यातील एक शेतकरी बांधव मशिदीच्या ओट्यावर थांबले. त्यांच्या मुलाने रस्त्याच्या कडेला बेवारस सापडलेले एक कुत्रे घरी आणले होते. लांब केसांचे, निमुळत्या तोंडाचे, कॉली जातीचे; वय वर्षाच्या आतलेच असावे. कुणी हौसेने आणले असेल आणि हौस फिटताच सोडून दिले असेल. जखम भरत आली, कुत्रे खाऊ-पिऊ लागले; पण त्याला कायमचे घर मिळेना. ते बांधव म्हणाले, ‘‘ठेवले तर गुनाह होईल अशी भीती वाटते, आणि पुन्हा रस्त्यावर सोडायला मन धजत नाही.’’

या दोन्ही भीती ईमानातूनच उपजल्या आहेत. म्हणून दोन्हींचे उत्तर शोधणे आपले कर्तव्य आहे.

प्रथम मर्यादा पाहू. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत माननीय अबू हुरैरा (रजि.) आणि माननीय इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून आलेल्या वचनांचा आशय असा की, जो विनाकारण कुत्रा बाळगतो त्याच्या सत्कर्मांतून दररोज काही हिस्सा कमी होत जातो. मात्र या ताकिदीतून गुरे राखणारा, शेत राखणारा आणि शिकारीचा कुत्रा स्पष्ट शब्दांत वगळला आहे. ज्या घरात कुत्रा असतो तेथे रहमतीचे फरिश्ते प्रवेश करीत नाहीत, अशीही शिकवण आहे. म्हणजे केवळ शोभेसाठी किंवा प्रतिष्ठेसाठी कुत्रा घरात वागविणे इस्लामला मान्य नाही. गरजेसाठी बाळगण्यास मोकळीक आहे.

आता हा कुत्रा कोणत्या जातीचा आहे ते पाहा. कॉली ही स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागातील मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या घडविलेली जात होय. कळप वळविणे हाच तिचा स्वभाव. आपल्या वाशीम जिल्ह्यात शेळ्या राखणारी कुटुंबे गावोगावी आहेत. सोयाबीन आणि तुरीच्या पिकांत रोही व रानडुकरे शिरतात, म्हणून शेतकरी रात्रभर जागल करतात. ज्याच्या गोठ्यात शेळ्या आहेत आणि ज्याचे शेत राखणीवाचून राहत नाही, त्याने असा कुत्रा सांभाळला तर तो हदीसने दिलेल्या परवानगीच्या आतच आहे. आपल्या त्या बांधवांकडे शेळ्याही आहेत आणि शेतही आहे.

पाकीचा प्रश्न उरतो. कुत्र्याने तोंड लावलेले भांडे सात वेळा धुवावे व त्यांतील एक वेळ मातीने घासावे, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा आदेश आहे. हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे, नुसत्या कोरड्या स्पर्शाने कपडे नापाक होत नाहीत. कोकणातील आपले शाफई बांधव याबाबत अधिक कडक नियम पाळतात. तेव्हा त्याची जागा गोठ्यात किंवा शेतातील खोपीत असावी, त्याचे भांडे वेगळे असावे, नमाजची जागा त्याच्यापासून दूर राहावी. एवढी व्यवस्था अवघड नाही.

बंधूंनो, मर्यादा सांगणाऱ्या याच धर्माने दयेचे दार किती उघडे ठेवले आहे तेही ऐका. तहानेने व्याकूळ होऊन ओली माती चाटणारा कुत्रा पाहून एक वाटसरू विहिरीत उतरला, त्याने आपल्या पायातील मोज्यात पाणी भरले, तो दातांत धरून वर आणला आणि त्या जिवाला पाजले. अल्लाहने त्याची कदर केली आणि त्याला क्षमा केली. जनावरांच्या सेवेतही पुण्य आहे काय, असे सहाबांनी विचारले, तेव्हा प्रत्येक सजीवाच्या सेवेत पुण्य आहे, असे उत्तर मिळाले. याउलट एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवली, तिला खाऊही घातले नाही आणि भक्ष्य शोधायला मोकळेही सोडले नाही; त्यापायी ती शिक्षेस पात्र ठरली. दिवसभर साखळीला बांधून पाण्याचा विसर पडणाऱ्यांनी या हदीसवर विचार करावा.

हिजरी सन 8 मध्ये मक्केकडे निघालेल्या दहा हजारांच्या सैन्याच्या वाटेत पिलांना पाजणारी एक कुत्री होती. तिला कुणी त्रास देऊ नये म्हणून प्रेषितांनी (स.) एका सहाबीला तिच्याजवळ पहाऱ्यावर उभे केले, अशी नोंद सीरतकार वाकिदी यांनी केली आहे. आणि पवित्र कुरआनच्या सूरह कहफमध्ये गुहेतील ईमानधारक तरुणांबरोबर त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख आहे. तो उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला आहे. त्याची जागा उंबरठ्यावर आहे, तरीही अल्लाहच्या ग्रंथात त्याची आठवण राखली गेली आहे. उंबरठ्यावरची जागा म्हणजे तिरस्कार नव्हे, हे यावरून समजावे.

आता जो कुणी असा जीव स्वीकारील, त्याने तो अमानत समजून स्वीकारावा. कॉलीच्या अंगावर दाट केस असतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. दुपारी सावली व थंड पाणी द्यावे, काम सकाळ-संध्याकाळ घ्यावे. पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्यावी. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी : शेळ्यांना गोचीड व खरजेसाठी दिले जाणारे आयव्हरमेक्टिन या जातीतील अनेक कुत्र्यांना जिवघेणे ठरू शकते. डॉक्टरांना जात सांगितल्याशिवाय कोणतेही औषध देऊ नये. अज्ञानाने केलेली सेवाही जीव घेऊ शकते.

ज्यांच्याकडे शेत नाही, गुरे नाहीत, त्यांनी कुत्रा बाळगणे आवश्यक नाही. परंतु योग्य घर मिळेपर्यंत त्याला अन्नपाणी देणे, एखाद्या मेंढपाळाला वा शेतकऱ्याला विचारून पाहणे, हे कुणालाही जमण्यासारखे आहे. कुत्र्याच्या किमतीबद्दल हदीसमध्ये मनाई आली आहे आणि फकीहांत त्याविषयी मतभेद आहेत. म्हणून त्याचे पैसे न घेता द्यावे. शंकेला जागाच उरत नाही. पाळलेले जनावर विनाकारण वाऱ्यावर सोडणे देशाच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. मग अल्लाहच्या दरबारात त्याचा जाब कसा चुकेल?

त्या बांधवांना मी एवढेच सांगितले : आपल्या शेतातील खोपीजवळ त्याला जागा द्या, शेळ्यांमागे चालायला शिकवा, आणि रोज संध्याकाळी मुलालाच त्याचे पाणी भरू द्या. मुलाच्या मनात अल्लाहने जी दया घातली आहे, तिला धर्माच्या नावाने विझवू नका; धर्माची शिस्त लावून तिला वाढवा.

हे अल्लाह, आम्हांला तुझ्या मर्यादा पाळण्याची आणि तुझ्या मुक्या जिवांवर दया करण्याची सद्बुद्धी दे. आमीन.