मुरलेले आणि आंबलेले

मराठीत ‘मुरणे’ हा मोठा गोड शब्द आहे. लोणचे मुरते, पाक मुरतो, पाऊस जमिनीत मुरतो. गवई रागात मुरतो आणि पुढारी राजकारणात मुरतो. या शेवटच्या मुरण्याबद्दल आपण सणासुदीला न बोललेले बरे. पण याच शब्दाच्या शेजारी आपल्या भाषेने आणखी तीन शब्द बसवून ठेवले आहेत : आंबणे, विटणे आणि नासणे. चौघांचा बाप एकच, तो म्हणजे काळ. मग एकाच बापाच्या पोटी एक मुलगा गुणी आणि तिघे उनाड असे का व्हावे? वस्तू ठेवली की कधी मुरते आणि कधी आंबते? आणि जे वस्तूंचे तेच माणसांच्या मनाचे असेल, तर काय राखून ठेवावे आणि काय आजच्या आज देऊन टाकावे? दिवाळीच्या तोंडावर घराघरांतली कपाटे आणि माळे उपसले जातात, तेव्हा हा प्रश्न मला दरवर्षी पडतो.

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण इतक्या वेळा ऐकलेली असते, की ती खरी आहे की नाही हे तपासायचे आपल्याला सुचतच नाही. आमच्या आळीतल्या एका वयस्क गृहस्थांना त्यांच्या पुण्याच्या मुलाने नाशिककडची द्राक्षाची वाइन भेट दिली. गृहस्थांनी कुठेतरी वाचले होते, की वाइन जितकी जुनी तितकी मोलाची. त्यांनी ती बाटली पत्र्याच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर उभी करून ठेवली. तिच्यावरून कंधारचे चार उन्हाळे गेले. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा. पत्र्याखाली तर माणूसही आंबून जाईल. कोजागिरीच्या रात्री मोठ्या समारंभाने बूच निघाले आणि पेल्यात जे उतरले त्याने कोशिंबीर छान झाली असती. मुलगा हसून म्हणाला, “दादा, ही आणली त्याच वर्षी संपवायची होती.” गृहस्थ काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “अरे, मग तेव्हाच सांगायचे ना!”

दारूचे गोडवे गाण्यासाठी मी ही गोष्ट सांगत नाही. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा एक युक्तिवाद कानांवर आला. जिच्यात शंभरात दहा-बारा भाग मद्यार्क असतो तिला दारू म्हणायला माझी जीभ अडखळत नाही. ज्याला प्यायची नाही त्याने पिऊ नये. मीही पीत नाही. पण काळ वस्तूचे काय करतो, हे या द्राक्षाच्या रसाइतके स्वच्छ दाखवणारा दुसरा गुरू मला ठाऊक नाही. आणि गुरूकडून धडा घ्यायला त्याचा शेजार करावा लागत नाही.

तो धडा असा : जगात जी वाइन तयार होते तिच्यातली बहुतेक ठेवण्यासाठी नसतेच. ती वर्ष-दोन वर्षांत पिऊन संपावी अशाच हिशेबाने केलेली असते. वर्षानुवर्षे ठेवून जी सुधारते ती थोडी, आणि ती मुळातच वेगळी असते. तिच्यात आंबटपणा असतो, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेला तुरटपणा असतो. नवी असताना ती जिभेला खरखरीत लागते. काळ तो तुरटपणा हळूहळू मऊ करतो. म्हणजे जिच्यात मुळात तुरटपणाच नाही, जी पहिल्याच दिवशी गोड आणि हलकी आहे, तिला काळ आणखी काय देणार? तो तिचा फक्त वास आणि तजेला काढून घेईल.

बरे, आत सत्त्व असले तरी तेवढ्याने भागत नाही. जागा थंड हवी, अंधारी हवी, हलवाहलव नको. बुचाची बाटली आडवी निजवायची, म्हणजे बूच ओले राहते आणि वाळून फट पडत नाही. सगळ्यांत मोठा वैरी म्हणजे मोकळी हवा. हवा लागली की तिच्यातले सूक्ष्म जीव मद्याचा शिरका करतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये वाइन नासू लागली, तेव्हा लुई पाश्चरने १८६३ पासून तिच्या रोगांचा अभ्यास केला आणि १८६६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. वाइन आपोआप बिघडत नाही, बिघडवणारे जीव असतात, हे त्याने दाखवले. आज आपण दुधाच्या पिशवीवर जो ‘पाश्चराइज्ड’ शब्द वाचतो, तो या विद्वानाच्या नावाचा.

आपल्याकडच्या वैद्यांना या भेदाची जाण फार पूर्वीपासून होती. द्राक्षारिष्ट करताना तुपाने माखलेल्या मडक्यात काढा, गूळ आणि धायटीची फुले घालून, तोंड लिंपून, ते मडके महिनाभर धान्याच्या राशीत पुरून ठेवीत. थंडावा, अंधार, स्वस्थता, हवाबंद तोंड : सारे त्यात आले. शार्ङ्गधराने तर औषधांच्या आयुष्याचा जमाखर्चच मांडला आहे. चूर्णाची शक्ती दोन महिन्यांत उतरते, गुटिकेची वर्षात. आसव, धातू आणि रस मात्र जुने होतील तसे गुणी होतात. त्या शहाण्या माणसाने ‘जुने ते सोने’ असे सरसकट म्हटले नाही. प्रत्येक वस्तूला तिचे स्वतःचे वय आहे, असे म्हटले.

आणि काही वस्तूंचे वय तर घटकांत मोजावे लागते. शिंदीच्या झाडाची पहाटे उतरवलेली नीरा गोड असते. ऊन चढू लागले की तिला फेस येतो, आणि संध्याकाळी तिच्यात निराळाच गुण उतरतो. निजामाच्या राज्यात याच शिंदीतून खजिन्यात पैसा येई. म्हणून १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिलढ्यात मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडली. सकाळचे अमृत संध्याकाळी गावाला लोळवते. मध्ये अंतर असते ते फक्त एका दिवसाचे.

आता भांड्याचा प्रश्न. आपण माणसे भांड्याला फार भुलतो. दोन हजार वर्षांपूर्वी भडोचच्या बंदरात परदेशी मद्य उतरत असे. एका ग्रीक नाविकाने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे, की तिथे इटलीच्या मद्याला पसंती होती. त्याच लिखाणात आपले पैठण आहे आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर, हेही आहे. ते मद्य येई मातीच्या लांबट, दुकानी कुंभांतून. अशा कुंभांची खापरे नेवाशाच्या उत्खननात सापडली आहेत. मद्य कुठल्या कुठे गेले, खापरे उरली. पुढे काच आली, बूच आले, आणि लोकांची समजूत झाली की काच आणि बूच म्हणजेच दर्जा. १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियात टॉमस अँगोव्ह यांनी खोक्यातल्या पिशवीत वाइन भरण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. ओतत जावे तशी पिशवी आक्रसत जाते, आत हवा शिरत नाही, म्हणून उघडल्यावरही ती काही आठवडे टिकते. उघडी बाटली चार दिवसांतच उतरते. मात्र न उघडलेले खोकेही वर्षानुवर्षे ठेवता येत नाही, कारण प्लास्टिकमधून हवा हळूहळू झिरपते. रोज थोडे घेणाऱ्याला खोके बरे, मुरवणाऱ्याला बाटली बरी. म्हणजे भांडे थोर किंवा हलके नसते. ते कामाला योग्य किंवा अयोग्य असते. तरीही लोक खोक्याला नाक मुरडतात. वर्गात फाटक्या सदऱ्याच्या पोराकडे पाहून जे नाक मुरडले जाते, ते मी इतकी वर्षे पाहतो आहे. दोन्ही नाके एकाच जातीची.

आमच्या घरात वाइन नाही, पण लोणच्याची बरणी आहे. कैरी, मीठ, मोहरी, वर बोटभर तेल आणि तोंडाला दादरा. तेल हवेला अडवते, मीठ नासवणाऱ्यांना अडवते, आणि कैरीचा आंबटपणा मुरत जातो. पण त्याच बरणीत ओला चमचा गेला की आठ दिवसांत बुरशी. माझी आजी म्हणायची, “लोणचं बिघडत नाही रे, हात बिघडलेला असतो.”

इथवर सारे सोपे आहे. अवघड पुढेच आहे. आम्ही दुष्काळी मुलखातली माणसे. १९७२ ची आठवण आमच्या घराघरांत अजून सांगितली जाते. ज्याने पेवातली ज्वारी पाहिली आहे, किंवा पेव रिकामे झालेले पाहिले आहे, त्याला ‘राखून ठेवू नका, आजच भोगा’ असा उपदेश करणे हा उद्धटपणा होईल. राखणे हा आमचा धर्म आहे, आणि बियाण्याच्या बाबतीत तो खराही आहे. उपाशी राहून बियाणे राखणारी बाई मला कुठल्याही तपस्व्याहून मोठी वाटते. पण बियाणे राखता राखता आपण सगळेच राखू लागतो. माझ्या आईने एक जरीचे लुगडे चांगल्या दिवसासाठी म्हणून ट्रंकेत ठेवले होते. चांगले दिवस पुष्कळ आले. प्रत्येक वेळी तिला वाटे, याहून चांगला येईल. अखेर लुगडे काढले तेव्हा ते घडीवर चिरले होते. नेसून झिजले असते तर त्याला काही अर्थ होता. ते न नेसताच फाटले.

मनाचेही असेच आहे. आमच्या तालुक्यातल्या एका गावी दोन भाऊ शेताच्या बांधावरून बावीस वर्षे बोलत नव्हते. थोरला शेवटच्या आजारात बायकोला म्हणत असे, “धाकट्याची चूक नव्हती. दिवाळीला बोलावीन म्हणतो.” ती दिवाळी त्याला लाभली नाही. धाकटा मातीला आला तेव्हा वहिनीने त्याला ते वाक्य सांगितले. तो बांधावर जाऊन बसला आणि दिवस मावळेपर्यंत उठला नाही. वैर बावीस वर्षे हवाबंद राहिले, कारण वैराचे तोंड आपण फार काळजीने लिंपतो. गोड शब्द मात्र उद्यावर ठेवतो, जणू तो ठेवल्याने अधिक गोड होणार आहे.

म्हणून मी स्वतःपुरता एक ठोकताळा केला आहे. ज्यात तुरटपणा आहे, ते मुरू द्यावे : राग, मत, निकाल, आणि माझ्यासारख्याच्या कादंबरीचे हस्तलिखित. ते मी एक पावसाळा पेटीत ठेवतो. काही पाने मऊ होऊन निघतात, काही फाडावी लागतात. रागावून लिहिलेले पत्र तर अवश्य ठेवावे; चार दिवसांनी ते बहुधा टाकण्याच्याच लायकीचे निघते. पण जे पहिल्या दिवशीच गोड आहे, ते ठेवू नये. पोराने गणित बरोबर सोडवले तर शाबासकी त्याच तासाला द्यावी. वार्षिक निकालापर्यंत ती विटून जाते. आभार, क्षमा, कौतुक, म्हाताऱ्या माणसाची भेट : ही सारी रोजची, साधी, खोक्यातली वस्तू आहे. तिला तळघर लागत नाही आणि तळघर तिला मानवतही नाही.

आमच्या कंधारला किल्ल्याभोवती खंदक आहे आणि गावालगत राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र तलाव आहे. खंदकातले पाणी शत्रूला अडवण्यासाठी राखलेले, ते शेवाळते. तलावात साठते ते जमिनीत मुरते आणि खाली कुणाच्या तरी विहिरीत उतरते. दोन्ही साठवलेलीच, पण एक कुणाला तरी दूर ठेवण्यासाठी आणि दुसरे कुणापर्यंत तरी पोहोचण्यासाठी. राखण्याच्या पोटी भीती आहे की माया, यावर पुष्कळसे ठरते, असे मला वाटते.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाचे डबे भरताना एक करा. चकल्या मऊ पडण्याआधी शेजारी पोहोचू द्या, आणि ज्या दाराशी बरीच वर्षे ताट गेलेले नाही त्या दाराशी पहिले ताट जाऊ द्या. डबा पितळेचा असो की प्लास्टिकचा. उघडणारा आधी झाकणाकडे नव्हे, आणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो.