न वाचलेल्या कागदाचे ज्ञान

न वाचलेल्या कागदाविषयी खात्रीने काही म्हणता येते का, हा प्रमाणशास्त्रातला जुना प्रश्न आहे. कायद्याच्या कामात यंत्र आल्यापासून तो पुन्हा निकडीचा झाला आहे. मोठ्या दाव्यात कागद लाखांनी असतात. वकील त्यांतले थोडे वाचून संबंधित की असंबंधित ते ठरवतात, यंत्र त्या शेऱ्यांवरून शिकते आणि उरलेला ढीग चाळते. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २०१२ मध्ये दा सिल्वा मूर खटल्यात ही रीत मान्य केली. माणसांचा शोधही काही निर्दोष नसतो. ब्लेअर आणि मॅरन यांच्या १९८५ च्या अभ्यासात शब्दशोधाने तीन चतुर्थांश संबंधित कागद हाती आले, अशी वकिलांची समजूत होती. प्रत्यक्षात सुमारे एक पंचमांशच आले होते.

न पाहिलेल्याविषयीची हीच शंका भारतीय दर्शनांत धूर-अग्नीच्या उदाहरणाने मांडली गेली. काही ठिकाणी धूर आणि अग्नी एकत्र दिसले म्हणून सगळीकडे तसेच असेल हे कशावरून, असा चार्वाकांचा आक्षेप होता. त्यावर नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, उपाधी शोधायला शिकवले: संबंध ज्या अटीवर टिकतो ती अट. अग्नी आहे तिथे धूर असेलच असे नाही, कारण धुराला ओले सरपण लागते. हे ओले सरपण म्हणजे उपाधी. यंत्राला शिकवताना सर्वांत घातक चूक होते ती नेमकी इथे, उपाधी न शोधता नुसत्या सोबत दिसण्यालाच नियम समजण्याची.

मुंबईच्या परळ-लालबाग या गिरणगावातल्या गिरणी कामगारांचे उदाहरण घेतले की हे स्पष्ट होते. घरांसाठी म्हाडा या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे दीड लाखाच्या आसपास किंवा त्याहून अधिक अर्ज आले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असल्याचा पुरावा त्यासाठी लागतो: तिकीट क्रमांक, लाल पास, हजेरीपत्र, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक. असा ढीग यंत्रापुढे ठेवला आणि शिकवणीला एकाच गिरणीची टंकलिखित प्रमाणपत्रे दिली, तर यंत्र नोकरी ओळखायला शिकत नाही, लेटरहेड ओळखायला शिकते. चाळीतल्या ओलीने डागाळलेला, शाई उडालेला पास मग असंबंधितांत जातो. अर्ज विधवेच्या नावाचा आणि पास नवऱ्याच्या नावाचा असेल, तर तोही.

यावर तीन उपाय वापरतात. शिकवणीचे कागद सरसकट ढिगातून यादृच्छिक निवडायचे; किंवा यंत्र जिथे अडखळते तेच कागद माणसाने वाचायचे; किंवा यंत्राला सर्वांत संबंधित वाटणारे कागद वाचत राहून प्रत्येक शेऱ्याने त्याला पुन्हा शिकवायचे. शेवटची रीत कमी वाचनात जास्त कागद काढते, मात्र सुरुवातीला न दिसलेला प्रकार तिच्या नजरेतून निसटू शकतो. दोन पिढ्यांपूर्वीच्या हस्तलिखित कागदांसाठी दुसरी, यंत्र अडखळते ते कागद वाचण्याची, रीत जोडीला हवीच.

शिकवणीइतकीच तपासणीही महत्त्वाची. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच आचेवर शिजतो. कागदांना अशी एक आच नसते. म्हणून प्रत्येक कागदाला निवडीची सारखी संधी द्यावी लागते. टाकून दिलेल्या ढिगातले ३०० कागद असे काढून वाचले आणि एकही कामाचा निघाला नाही, तर ९५ टक्के भरवशाने म्हणता येते ते एवढेच: त्या ढिगात कामाचे कागद साधारण एक टक्क्याहून अधिक नाहीत. ढीग लाखाचा असेल तर तो एक टक्का म्हणजे हजार कागद.

व्यापारी दाव्यात एवढी त्रुटी खपते. तिथे प्रश्न दाव्याच्या एकूण पुराव्याचा असतो, आणि खर्च व उपयोग यांचा मेळ न्यायालय पाहते. गिरणगावातल्या अर्जाचे तसे नाही. त्या हजार कागदांमागे हजार कुटुंबे असू शकतात आणि त्यांपैकी कोणाचाही हक्क शेजाऱ्याच्या कागदावर अवलंबून नाही. नमुन्याने मिळणारे ज्ञान ढिगाविषयी असते. ढिगातल्या अमुक एका कागदाविषयी ते खात्रीने काहीच सांगत नाही. ज्याला नकार मिळतो, त्याला मात्र स्वतःच्याच कागदाविषयी उत्तर हवे असते, आणि ते मागण्याचा त्याला अधिकार आहे.

म्हणून अशा छाननीत यंत्राने अपात्र ठरवलेला प्रत्येक अर्ज माणसाने वाचला पाहिजे आणि नकाराचे कारण लिहून दिले पाहिजे. पात्र ठरलेल्यांच्या बाजूला नमुना तपासणी चालू शकते, कारण घराचा ताबा देण्यापूर्वी मूळ कागद पुन्हा पाहता येतात.