मांत्रिकाच्या दारात गेलेले तास

कळंब तालुक्यात साप चावला असं जुनी माणसं सहसा म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. येरमाळा, शिराढोण, इटकूर, मोहा या गावांच्या शिवारात उसाचे फड आहेत, सोयाबीनची रानं आहेत, मांजरा धरणाच्या पाण्याचा ओला काठ आहे. वीज रात्रीची असली की माणसं बॅटरी घेऊन अंधारात दारं धरायला जातात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे महाराष्ट्रात माणसं मारणारे मुख्य चार साप, आणि त्यांची गाठ पडते ती अशाच वेळी. पान लागलेल्या माणसाला घरचे आधी कुठे नेतात, मारुतीच्या पारावर, गावातल्या देवऋष्याकडे की कळंबच्या उपजिल्हा रुग्णालयात, हा प्रश्न वरवर वैद्यकीय दिसतो. त्याच्या तळाशी मात्र एक जुना तात्त्विक प्रश्न आहे: माणसाच्या श्रद्धेत राज्याने कुठपर्यंत यावं? आमदार कायदा करतात तेव्हा या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलेलंच असतं, मग त्यांनी त्याचा विचार केलेला असो वा नसो.

आपल्या संविधानाने या प्रश्नाला दिलेलं उत्तर पुरेसं वाचलं जात नाही. धर्मस्वातंत्र्य देणारं २५ वं कलम सुरूच होतं ते तीन मर्यादांनी: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य. देवाला मानण्याचा हक्क सांगण्याआधी घटनाकारांनी आरोग्याची अट लिहिली. सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालयं आणि दवाखाने हे विषय राज्यसूचीत सहाव्या क्रमांकावर आहेत. ४७ वं कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानतं. या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर श्रद्धा आणि आरोग्य यांच्या सीमेवर उभं राहण्याची जबाबदारी प्रामुख्याने विधानभवनात बसणाऱ्यांवर येते. ती दिल्लीवर ढकलता येत नाही आणि सगळी जिल्हाधिकाऱ्यांवर सोपवताही येत नाही. पण अधिकार आहे म्हणून तो कसाही वापरावा असं होत नाही. आरोग्याच्या नावाने राज्य नक्की कशाला हात लावू शकतं, हे ठरवणं अवघड आहे.

महाराष्ट्राने २०१३ मध्ये या सीमेवर एक रेघ ओढली. १९९५ मध्ये विधान परिषदेत अशा कायद्याचा ठराव झाला होता. प्रत्यक्ष कायद्याला पुढे अठरा वर्षं लागली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात विधेयक मंजूर झालं. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. त्याच्या अनुसूचीतली एक नोंद इथे महत्त्वाची आहे: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडादोरा असले उपचार करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. याच कायद्यात दुसऱ्या बाजूलाही एक कलम आहे. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, हरिकथा, भजन यांना हा कायदा लागू नाही असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीची पालखी आमराईत जाते आणि भाविक रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात, त्यांना कायदा काही विचारत नाही. नागपंचमीला वारुळापाशी दूध आणि लाह्या ठेवणाऱ्या सासुरवाशिणीलाही नाही.

या रेघेमागचा विचार असा. राज्याला मंत्र खरा की खोटा यावर मत देण्याचा अधिकार नाही, आणि दिलं तरी ते कुणी मानणार नाही. राज्याला अधिकार आहे तो रुग्णाच्या वेळेपुरता. नागाचं किंवा मण्यारीचं विष श्वासाचे स्नायू बंद पाडतं, घोणशीचं रक्त गोठू देत नाही. या दोन्हींवर प्रतिविष जितकं लवकर जाईल तितकं बरं. कुत्रा चावल्यावर लस वेळेत घेतली तर माणूस वाचतो, रेबीजची लक्षणं दिसू लागली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. कुत्रा, साप आणि विंचू हेच तीन का निवडले, याचं उत्तर इथे आहे. तिन्हींवर औषध आहे आणि तिन्हींत वेळ मोजका आहे. मांत्रिक काय पुटपुटतो याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. तो रुग्णाचे तास स्वतःच्या दारात अडवून ठेवतो, तेवढ्याशीच आहे.

आता मांत्रिकावर लोकांचा विश्वास का बसतो, हे तुच्छतेने न बघता समजून घ्यायला हवं. आपल्याकडे चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात: धामण, दिवड, तस्कर, कवड्या. विषारी साप चावला तरी दर वेळी पुरेसं विष अंगात जातंच असं नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे गेलेल्या दहांतले बरेच जण काहीही न करता बरेच झाले असते. गावाने मात्र आपल्या डोळ्यांनी माणूस उठून घरी जाताना पाहिलेलं असतं. यात गावाची बुद्धी कमी पडत नाही. जो पुरावा गावासमोर येतो, तोच अपुरा असतो. मांत्रिकाची एक परीक्षाही असते. तो रुग्णाला कडुलिंबाचा पाला चावायला देतो. कडू लागला तर विष उतरलं. सरकारी दवाखान्यातही एक परीक्षा आहे आणि ती तितकीच साधी आहे. रुग्णाचं थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं नळी हलवायची नाही, मग ती हळूच तिरपी करायची. रक्त पाण्यासारखं ओघळलं तर घोणशीचं विष काम करतं आहे आणि प्रतिविष ताबडतोब सुरू करायचं. दोन्ही परीक्षा डोळ्यांनी पाहता येतात, दोन्हींना पैसा लागत नाही. फरक एवढाच की पाला कडू लागूनही माणूस मेला तर त्याच्या प्रारब्धाला बोल लावला जातो, पालाचावणीला कुणी प्रश्न करत नाही. नळीतल्या रक्ताने चुकीचं सांगितलं तर ते नोंदलं जातं आणि पद्धत सुधारते. राज्याने बाजू घ्यायची ती आपल्या चुकांची नोंद ठेवणाऱ्या या पद्धतीची. देव कोणाचा, हा तिथे प्रश्नच येत नाही.

यावर पहिला आक्षेप श्रद्धावंतांचा आहे आणि तो हलका नाही. मरणाच्या भीतीत माणसाला देवाचा धीर लागतो. तो धीर देणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचा? शिवाय रुग्ण स्वतःच्या पायांनी तिकडे जातो, मग त्याच्या निवडीचं काय? धीराबद्दल उत्तर सोपं आहे: अंगारा कपाळाला लावून गाडीत बसायला कायद्याची आडकाठी नाही. निवडीचं उत्तर तितकं सोपं नाही. शहाण्यासुरत्या माणसाने जाणूनबुजून उपचार नाकारला तर राज्याने त्याला फरफटत न्यावं असं मी म्हणणार नाही. पण मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते, वेदना फारशी होत नाही, दातांच्या खुणा शोधूनही सापडत नाहीत. पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या मिटू लागतात. अशा माणसाने, किंवा आईच्या कुशीत झोपलेल्या सहा वर्षांच्या पोराने, कसली निवड केलेली असते? निवड दुसरेच करतात, घाबरून, अंधारात. तिथे रोखणाऱ्याचा हात बाजूला करणं म्हणजे रुग्णाचं स्वातंत्र्य राखणं होय. विवेकवादी मित्रांचा आक्षेप याच्या उलट आहे: ‘मी कुणाला अडवत नाही’ असं म्हणणारा मांत्रिक या नोंदीतून सुटतो, म्हणून ती आणखी कडक करावी. मला ते पटत नाही. शब्दांची ही मर्यादा बरोबर आहे. अडवणूक हा गुन्हा असावा, श्रद्धा नसावी. राहिलेली फट शिक्षेने बुजवायची नाही. ती पुरवठ्याने बुजवायची.

पुरवठ्याशिवायची सक्ती काय करते, ते महाराष्ट्राने १८९७ मध्ये भोगलं आहे. मुंबईत आदल्या वर्षी प्लेग आला होता; १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, अगदी आखूड आणि अधिकारांनी भरलेला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या देखरेखीखाली सोल्जर घराघरांत, देवघरांत शिरले, माणसं ओढून नेली. सरकारकडे प्लेग बरा करणारं औषध नव्हतं. होती ती फक्त ताकद. लोकांनी रोगी लपवले, २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगचे रोगी आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात पोचवत होत्या. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्या गेल्या. रोग्याला घरातून हलवणं हेच काम रँडचं आणि सावित्रीबाईंचं, पण सावित्रीबाईंसाठी लोकांनी दार लावलं नाही, कारण दुसऱ्या टोकाला शुश्रूषा होती. याचा अर्थ रोगाच्या काळात निर्बंध नकोतच असा नाही. २०२० मध्ये आषाढीच्या पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या, पायी वारी झाली नाही, तुळजापूरच्या मंदिराचे दरवाजे महिनोन्‌महिने बंद राहिले, आणि बहुसंख्य भाविकांनी ते मनावर दगड ठेवून मान्य केलं. पण निर्बंधाचा नैतिक अधिकार राज्याने कमवावा लागतो. मांत्रिकाकडे जाऊ नका असं सांगणाऱ्या आमदाराला, मग कुठे जाऊ, या प्रश्नाचं उत्तर रात्री दोन वाजताही देता आलं पाहिजे.

ते उत्तर देता येतं, हा आपलाच अनुभव आहे. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर महाड भागात सरकारी नोकरीत गेले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं पटापट मरत होती. प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी चिकाटीने सिद्ध केला आणि शंभरात तीस-चाळीस मृत्यूंवरून प्रमाण नगण्य झालं. तिथे विंचू उतरवणाऱ्यांचा धंदा बसवला तो मुख्यतः या गोळीने. प्लेगच्या लशीसाठी मुंबईत उभी राहिलेली हाफकिन संस्था पुढे सर्पविषावरचं प्रतिविष तयार करू लागली. ते चारही सापांवर चालतं. असं असूनही २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, असा मृत्यूंच्या मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. त्याआधीच्या पाहणीत तर चारांतले तीन मृत्यू रुग्णालयाबाहेर झालेले दिसले. जे दवाखान्यात आलेच नाहीत ते सरकारी आकड्यातही आले नाहीत, आणि जे आकड्यात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

आमदारांचं खरं काम इथून सुरू होतं. २०२४ मध्ये कर्नाटकाने सर्पदंशाची नोंद रुग्णालयांना बंधनकारक केली; त्याच वर्षी केंद्राने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा काढला आणि सर्व राज्यांना अशीच सक्तीची नोंद करायला सांगितलं. तमिळनाडूचा सार्वजनिक आरोग्य कायदा १९३९ चा आहे, केरळने २०२३ मध्ये नवा केला. महाराष्ट्राने कोरोनात काम भागवलं ते रँडच्या काळातल्या कायद्यावर. सगळं पैशाअभावी अडतं, कळंबसारख्या ठिकाणी आधी पाणी आणि रस्ते हवेत, हा आक्षेप नेहमीचा. पण राज्य आजही पैसा देतंच: गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत सर्पदंशाने मेलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना दोन लाख रुपये मिळतात. ते मिळायलाच हवेत. मात्र मेल्यावर दोन लाख देणाऱ्या सरकारला प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या पुरेशा कुप्या आणि श्वास देण्याची पिशवी ठेवणं परवडत नाही, हे म्हणणं टिकत नाही. पहिल्या मात्रेलाच दहाच्या आसपास कुप्या लागतात. दोन कुप्या शिल्लक असलेलं केंद्र रुग्णाच्या दृष्टीने रिकामंच असतं.

पावसाळी अधिवेशन भरतं तेव्हाच सापांचा हंगामही सुरू होतो. कळंब-धाराशिवच्या आमदारांनी, आणि शेजारच्या केजच्या, भूमच्या, वाशीच्याही लोकप्रतिनिधींनी, तारांकित प्रश्नातून तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्या तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आज प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, रात्रपाळीला ते देऊ शकणारा डॉक्टर कोण आहे, आणि गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात पोचण्याआधी किती माणसं गेली? मतदारांनी हे प्रश्न लिहून त्यांच्या हातात द्यावेत, आणि उत्तर आलं की ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावं.