वसुलीचा कागद, देण्याचा कागद

गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रात पूर्वजांना एकदम भाव आला आहे. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने जातीच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला आणि तहसील कचेऱ्यांतले वर्षानुवर्षे बांधून ठेवलेले गठ्ठे सुटले. मोडी वाचणाऱ्याला कधी नव्हे तो मान मिळू लागला. आजोबांच्या वरचे नाव ठाऊक नसलेली माणसे अर्जासोबत चार-पाच पिढ्यांची वंशावळ जोडू लागली. वडगाव मावळात आता झेरॉक्सवाल्यालाही ‘नमुना चौदा’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही.

या गदारोळात सुशिक्षितांच्या बैठकीत एक मत हमखास ऐकू येते. इंग्लंडात गिरणीतल्या साध्या कामगाराच्या पणतूलासुद्धा आपल्या घराण्याच्या आठ-दहा पिढ्या कागदोपत्री सापडतात; आपल्याकडे नोंद ठेवायची संस्कृतीच नाही, म्हणून आपला कष्टकरी इतिहासात दिसत नाही, असे ते मत. ऐकणारे माना डोलावतात आणि चहा येतो. ‘हे सगळे जातीचे राजकारण’ म्हणून हात झटकणाऱ्यांना मुळात कागदाशीच कर्तव्य नसते, आणि थुंकीच्या नमुन्यावरून पूर्वज कळवणाऱ्या कंपन्यांना माणसाशी. त्या दोघांना सोडून देऊ. या ‘संस्कृती नाही’वाल्यांना मात्र सोडता येत नाही, कारण त्यांचे म्हणणे शहाणपणाचे वाटते आणि ते साफ चुकीचे आहे.

मराठी मुलखाइतका कागद खर्ची घालणारा मुलूख हिंदुस्थानात शोधावाच लागेल. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. मावळातली देशमुख-देशपांड्यांची घराणी वतनाच्या भांडणांत पिढ्यान्‌पिढ्या महजर करत आली. पुढे इंग्रजांच्या इनाम कमिशनने हक्क शाबीत करायला लावले तेव्हा घरोघरच्या माळ्यांवरून दफ्तरे खाली आली. आज आपण ज्याला घराण्याचा वंशवृक्ष म्हणून चौकटीत लावतो, तो पुष्कळदा भाऊबंदकीच्या दाव्याला जोडलेला पुरावा असतो. पूर्वजांबद्दलच्या जिव्हाळ्याने कोणी तो काढलेला नाही. वाटा कोणाला किती, हे ठरवायला काढला आहे. म्हणजे लिहिणारे हात होते, कागद होता, सवय होती. कोणाचे नाव लिहायची गरज पडली, एवढेच विचारायचे राहते.

आता इंग्लंड. तिथे चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून आहेत, सरकारी जन्म-मृत्यू नोंद १८३७ पासून, आणि शिरगणतीत घरातल्या माणसांची नावे १८४१ पासून मिळतात. हे सगळे खरे. पण या नोंदींतून नुसती नावे आणि तारखा हाती लागतात. गरिबाच्या आयुष्याची हकीकत मिळते ती वेगळ्याच कागदांत. तिथे आपापल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावावर होती, आणि १६६२ च्या कायद्याने उपऱ्या गरिबाला मूळ गावी हाकलण्याचा अधिकार दिला. मजूर परगावी आजारी पडला, त्याच्या पोराबाळांची उपासमार होऊ लागली, की प्रश्न यायचा: याला पोसायचे कोणी? मग त्याला न्यायाधिकाऱ्यांपुढे उभे करत. जन्म कुठला, उमेदवारी कोणाकडे केलीस, कोणाच्या शेतावर वर्षभर सालाने होतास, लग्न कुठे झाले, मुले किती. सगळे लिहून घेत, आणि जबाबदारी दुसऱ्या गावची निघाली की कुटुंबाला त्या गावी पोहोचवून येत. लग्नाशिवाय दिवस गेलेल्या मुलीला पोटातल्या पोराचा बाप शपथेवर सांगायला लावत, म्हणजे खर्च त्याच्याकडून काढता येईल. आज इंग्रज वंशशोधक ज्या कागदांना सोन्यासारखे जपतात, ते असे जन्मले आहेत. त्यांत संस्कृती कसली शोधायची? खर्च टाळण्याची धडपड आहे ती. पण टाळायला तरी आधी देणे मान्य असावे लागते. या माणसाचे काहीतरी कोणीतरी लागते, एवढे तिथे गृहीत होते. म्हणून त्याचे नाव, बापाचे नाव, गाव हे सगळे विचारावे लागले.

हेच इंग्रज, एकोणिसाव्या शतकात, आपल्या बोरघाटात आले. १८५६ ते १८६३ या काळात घाटातली रेल्वे झाली, २५ बोगदे फोडले गेले, आणि जानेवारी १८६१ मध्ये एका वेळी ४२,००० माणसे तिथे राबत होती. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. त्याच्या काळात, १८५९ मध्ये, थकलेल्या मजुरीवरून खंडाळ्याच्या बाजूला दंगल झाली आणि कंत्राट त्याच्या हातून गेले. मग आला सॉलोमन ट्रेडवेल. तो इथे पोचल्यावर थोड्याच आठवड्यांत आजाराने मेला आणि त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले. ही नावे कोणत्याही पुस्तकात मिळतात. ४२,००० पैकी एकाचे नाव सांगा म्हटले तर कोणाला सांगता येणार नाही. पैसा कंत्राटदाराकडून पोटकंत्राटदाराकडे, तिथून मुकादमाकडे, मुकादमाकडून टोळीला असा झिरपत येई. हिशेबात फोडलेल्या दगडाचे माप होते, टोळी होती. टोळीतला माणूस नव्हता. पटकीने मेलेल्यांचे अंदाज हजारांत सांगतात, पण अंदाजच. मेलेल्याच्या घरच्यांना काही द्यायचे नव्हते, मग कोण मेला हे लिहून ठेवायचे कोणासाठी?

त्याच घाटाच्या माथ्यावर, लोणावळ्यात, रेल्वेत लागलेल्या गोऱ्या ड्रायव्हरच्या पोराचा बाप्तिस्मा झाला, ड्रायव्हरचे लग्न झाले, तो मेला आणि पुरला गेला, की पाद्री ते वहीत लिही आणि त्याची नक्कल मुंबईमार्गे लंडनला जाई. मुंबई इलाख्याच्या या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांच्या आधाराने इंग्लंडातले एखादे कामगार कुटुंब लोणावळ्यात येऊन राहिलेला आपला पूर्वज शोधून काढू शकते. तो ड्रायव्हर कोणी सरदार नव्हता. इंजिन एकच, त्यावर तो आणि शेजारी कोळसा ओढणारा आमचा माणूस, दोघेही घामाने काळे. एकाच्या वारसाला, विधवेला, पोराला कधीतरी कुठेतरी काही मागायचा हक्क उभा राहू शकत होता. दुसऱ्याच्या वारसाला तसा हक्क असू शकतो हे कोणाच्या डोक्यात नव्हते. नोंदीची संस्कृती हा मुद्दा असता तर लिहिणारा साहेब एकच असताना एक नाव लिहिले गेले आणि दुसरे नाही, हे कसे झाले?

म्हणून मी कागदांचे दोनच प्रकार मानतो. एक वसुलीचा, दुसरा देण्याचा. पहिल्यात माणूस येतो तो त्याच्याकडून काही यायचे आहे म्हणून. दुसऱ्यात येतो तो त्याला काही द्यायचे आहे, किंवा द्यायचे टाळायचे आहे, म्हणून. वसुलीच्या कागदाला पूर्ण माणूस लागत नाही. पैसे कोण भरणार एवढे कळले की त्याचे भागते. आपला सातबारा काढून बघा. जुन्या उताऱ्यावर थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरे असतात: एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या तीन अक्षरांमागे धाकटे भाऊ, विधवा वहिनी, चुलतभाऊ असे अख्खे घर दडलेले असते. सारा थोरल्याने भरला, सरकारचे काम झाले. त्या धाकट्या भावांपैकी कोणी मुंबईला हमालीला गेला आणि तिकडेच वारला तर वंशावळीत त्याची फांदी उगवायलाच नको. बहिणींचे तर विचारूच नका. त्यांचे नाव कागदावर यायचे ते हक्कसोड लिहून घेण्यापुरते, म्हणजे देणे संपवण्यासाठी.

हा भेद श्रीमंत-गरीब असाही नाही आणि वरची-खालची जात असाही नाही, हे ‘संस्कृती’वाल्यांना पटत नाही. त्यांना एक उदाहरण देतो. गावातल्या भूमिहीन कुणब्यापेक्षा किंवा परगावाहून आलेल्या बेलदारापेक्षा महार घराण्याच्या पिढ्या कागदावर पुष्कळदा अधिक नीट सापडतात. कारण वतन. १८७४ च्या वतन कायद्यात पाटील-कुलकर्ण्यांबरोबर कनिष्ठ गावकामगारही आले. वतनी जमीन कोणाची, पाळी कोणाची, वारस कोण, हे ठरवणे भाग पडले आणि नावे उतरली. त्या नोंदीची किंमत काय होती हेही माहीत आहे. तुटपुंज्या मोबदल्यात अख्ख्या घराला दिवसरात्र राबवणारे वतन म्हणजे गुलामी, असे म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये हा कायदा बदलण्याचे विधेयक मुंबई कायदे कौन्सिलात आणले. ही वतने प्रत्यक्ष गेली ती १९५८ च्या कायद्याने. गुलामीचा का होईना, पण तो देण्याचा कागद होता, आणि म्हणून त्यात माणसे आहेत. मावळातल्याच कार्ल्याच्या लेण्यात जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा एक सुतार आपल्याला नावानिशी भेटतो: धेनुकाकटचा सामि, वेणुवासाचा मुलगा, लेण्याचे दार त्याने केले. बाप-लेकाची जोडी, गाव, धंदा. चार गोष्टी एका ओळीत. लेण्यातल्या दानलेखांच्या रांगेत तो बसला म्हणून उरला. दानाचे पुण्य ज्याचे त्याच्या नावावर जमा व्हायला हवे ना! बाकीचा डोंगर ज्यांनी पोखरला त्यांच्या खाती काही जमा करायचे नव्हते.

माझा भेद सगळीकडे काटेकोर बसतो असा दावा नाही. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत साध्या शेतकऱ्यांच्या पिढ्या सापडतात, आणि त्या वह्या तर उपाध्यायांच्या दक्षिणेच्या, म्हणजे माझ्या हिशेबाने वसुलीच्या. मान्य. पण तिथेही नाव उतरले ते ज्याला श्राद्धाला नाशिकपर्यंत जाण्याची ऐपत होती त्याचे. नमुना चौदाचेही तसेच. ज्यावर सध्या एवढी भिस्त आहे ती ही जन्म-मृत्यूची वही गावोगावी ठेवली गेली ती मुख्यतः रोगराईचे आकडे वर पाठवायला. जन्माच्या पानावर तारीख, बापाचे नाव, जात, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. पोराचे नाव बहुधा नाहीच, कारण वर्दी बारशाआधीच गेलेली. आई तर पुष्कळ पानांवर नाहीच. मरणाच्या पानावर ‘ताप’, ‘पटकी’, ‘खोकला’. या वहीतली जात आज लाखमोलाची ठरली आहे, आणि नशीब बघा, आकड्यांसाठी भरलेला रकाना शंभर वर्षांनी देण्याचा कागद होऊन बसला. दाखल्याच्या रांगेतला माणूस मूर्ख नाही. कागद कशाने जिवंत होतो ते त्याला विद्वानांपेक्षा चांगले कळते.

ज्याला ते कळूनही उपयोग नाही तो मावळातला कातकरी. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. १९५० पूर्वी हा माणूस काथ काढत होता, कोळशाच्या भट्ट्या लावत होता, सावकार सांगेल त्या जंगलात झोपडी टाकत होता. आज त्याची नातवंडे पावसाळा सरला की वीटभट्टीवर जातात. सरकार त्याला देणे मान्य करते, पण ते मिळवायला पुरावा मागते तो अशा काळातला, जेव्हा त्याचे कोणी काही लागत नव्हते. त्याच्या बाजूने गृहचौकशीची तरतूद आहे, आणि चांगला अधिकारी असला तर ती होतेही. तरीही कागदाऐवजी साक्षीवर भागवावे लागते, ते का, हे विचारायला हवे.

कामगाराला स्वतःच्या नावाचा देण्याचा कागद आपल्याकडे फार उशिरा मिळाला. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा, १९४८ चा राज्य विम्याचा, १९५२ चा प्रॉव्हिडंट फंडाचा, १९६९ चा माथाडींचा. मावळातून मुंबईला गिरणीत, गोदीत, माथाडीत, डब्यांच्या धंद्यात गेलेल्या माणसांची पहिली धड नोंद यांतल्याच कशात तरी सापडते: नाव, बापाचे नाव, मूळ गाव, वारस कोण. १९८२ च्या गिरणी संपानंतर कितीतरी वर्षांनी म्हाडाच्या घरांची सोडत निघू लागली तेव्हा बापाचा तिकीट नंबर, विम्याचे कार्ड, फंडाचा नंबर शोधायला मुलांनी ट्रंका उपसल्या. ज्याच्या ट्रंकेत हजेरीचे कार्ड निघाले तो गिरणी कामगाराचा मुलगा ठरला. ज्याचा बाप बिननोंदीचा बदली म्हणून राबला, त्याला गावातले दहा जण ‘तुझा बाप गिरणीत होता’ म्हणून सांगतील. सोडतीच्या यादीत त्याचा उपयोग शून्य.

आणि आता काळ पुन्हा टोळीकडे निघाला आहे. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत ठेकेदार बदलला की तीच माणसे नव्या नावाखाली आत जातात. लोणावळ्यातल्या बंगल्यांवर राहणारी वॉचमन जोडपी, चिक्कीच्या कामाला हंगामापुरत्या येणाऱ्या बाया, कुसगाव ते खोपोली या ‘मिसिंग लिंक’ रस्त्याच्या बोगद्यांसाठी परप्रांतांतून आलेले मजूर, यांतल्या कोणाची नावे कुठल्या कागदावर आहेत? १९७९ च्या स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला अशा मजुराला फोटो लावलेले पासबुक देणे बंधनकारक केले होते. ते पासबुक किती जणांनी पाहिले असेल, हे ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या साइटवर विचारून घ्यावे.

विचारले तरी पुढचा अडथळा आहेच. महसुली दफ्तरात कागदांची प्रतवारी असते: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, आणि ‘ड’ वर्षभरात जाळायचा. जमिनीचे फेरफार ‘अ’ मध्ये. कंत्राटी कामगारांच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत हजेरीपट आणि मजुरीच्या वह्या शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षे जपल्या की ठेकेदार मोकळा. शंभर वर्षांपूर्वी कोणते वावर कोणाच्या नावे लागले ते सापडते, आणि चार वर्षांपूर्वी कोण कोणत्या साइटवर उभा होता ते सापडत नाही. फंडाचा नंबर आहे की, असे कोणी म्हणेल; पण ज्याचा फंड कापला गेला त्याच्यापुरताच तो आहे. मोडीच्या प्रशिक्षणावर आणि जुन्या दफ्तरांच्या स्कॅनिंगवर सरकार खर्च करते आहे, तो करावाच. त्याच खर्चात आजचे हजेरीपट तीन वर्षांनी ठेकेदाराच्या हाती नष्ट होण्याऐवजी जिल्हा अभिलेखागारात ‘अ’ वर्गात दाखल करून घ्यायला हरकत काय, याचे उत्तर ‘जागा नाही’ हे असू शकत नाही. आता ते पट पुष्कळ ठिकाणी संगणकावरच भरले जातात.