इन्साफ की इंतिकाम?

‘व्हिन्चेंझो’ ही २० भागांची कोरियन मालिका २०२१ मध्ये आली. लहानपणी इटलीत दत्तक गेलेला कोरियन मुलगा मोठेपणी माफियाचा वकील होतो. पहिल्याच भागात तो शत्रूचा द्राक्षमळा पेटवून देतो. आपण बिचकतो. हा कसला नायक?

मग सोलमध्ये बाबेल ही बलाढ्य कंपनी समोर येते. सत्ता, पैसा, सरकारी वकील, सारे तिच्या बाजूने. तिच्याशी झगडणारा वयस्कर वकील होंग यू-चान मारला जातो. त्याची मुलगी चा-यंग वडिलांची जागा घेते. तिचे आणि नायकाचे प्रेम भागागणिक उमलते, आणि तसतशी कायद्याची वाट पाहणे आपण सोडून देतो. शेवटच्या भागात यंत्राचे टोक खलनायकाच्या छातीत हळूहळू शिरते, तेव्हा आपल्याला हायसे वाटते!

नायक मात्र शेवटीही पहिल्या भागातलाच आहे. तो स्वतःला सज्जन म्हणवत नाही. बदललो ते आपण. हसू, प्रेम आणि चीड यांनी आपल्याला एकेक पायरी खाली उतरवले.

अन्यायाची चीड हवीच. ती नसेल तर माणूस दगड होईल. पण इन्साफ अपराधाच्या मापाने थांबतो. इंतिकाम आपले मन भरेपर्यंत थांबत नाही. त्याच्या वेदना लवकर संपू नयेत असे वाटले, त्या क्षणी आपण मेलेल्या होंगसाठी पाहत नव्हतो. आपल्यासाठी पाहत होतो.